भिलईचा विद्यार्थी आणि सात थरांची उतरंड

भिलईच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जाऊन संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याची वही उघडून पाहावी. 'कॉम्प्युटर नेटवर्क्स', म्हणजे संगणकांची जाळी, या विषयाच्या पहिल्या चार-दोन पानांतच एक आकृती आढळेल. एकावर एक रचलेले सात खण, आणि प्रत्येक खणात एकेक नाव. तळाशी 'फिजिकल', त्यावर 'डेटा लिंक', मग 'नेटवर्क', 'ट्रान्सपोर्ट', 'सेशन', 'प्रेझेंटेशन' आणि सर्वांच्या डोक्यावर 'ॲप्लिकेशन'. जुन्या घरांत धान्याच्या मडक्यांची उतरंड असे, तशी ही सात थरांची उतरंड आहे. विद्यार्थी ती वरून खाली व खालून वर पाठ करतो. परीक्षेत सातही थरांची कार्ये लिहावयाची असतात, आणि जो ती क्रमाने लिहितो त्याला गुण मिळतात.

आता एखाद्या चौकस मुलाने विचारले, "सर, माझ्या खिशातल्या फोनमध्ये यांतला पाचवा आणि सहावा थर नेमका कुठे आहे?" तर शिक्षकाला क्षणभर थांबावे लागेल. कारण आज जगभर जे इंटरनेट चालते, त्यात 'सेशन' आणि 'प्रेझेंटेशन' या नावांचे स्वतंत्र थर नाहीत. त्यांची कामे होतात, पण ती त्या त्या कार्यक्रमातच उरकली जातात. सात मडक्यांची उतरंड मुलाने पाठ केली, आणि घरात पाहिले तर मडकी चार किंवा पाचच!

हे असे का झाले? जे यंत्रात नाही ते वहीत कसे आले, आणि इतकी वर्षे कसे राहिले? या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडत नाही. ते इतिहासात शोधावे लागते. तो इतिहास भिलईत बसून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो, असे मला वाटते. म्हणून आरंभ भिलईपासूनच करतो.

भिलई हे नाव उच्चारले की प्रथम पोलाद आठवते, आणि ते योग्यच आहे. भिलईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या दिवशी दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने विदर्भ एकीकडे गेला आणि छत्तीसगड दुसरीकडे. आणि पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. तरी मुंबईहून हावड्याला जाणारा लोहमार्ग नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग असाच भिलईला पोचतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभी वर्षाला दहा लाख टन पोलाद काढावयाचे, असा संकल्प होता.

या शहराची घडण ध्यानात घेतली पाहिजे. पुणे किंवा नागपूर जसे वाढत गेले तसे भिलई वाढलेले नाही. आधी नकाशा झाला, मग कारखाना आणि मग 'सेक्टर' या नावाने वसाहती. केंद्रातून योजना निघाली, खालच्यांनी ती अमलात आणली आणि शहर उभे राहिले. या रीतीने मोठी कार्ये होतात याचा पुरावा म्हणजे भिलई होय. तेथील मुलाच्या मनात योजना वरून येते आणि आपण ती नीट पार पाडावयाची, हा संस्कार घरातूनच रुजत असला तर त्यात नवल नाही.

याच सोव्हिएत साहाय्याचे दुसरे अपत्य मुंबईत आहे. पवईची आय. आय. टी. ही संस्था १९५८ साली युनेस्कोच्या द्वारे मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने सुरू झाली. साठच्या दशकात तिला 'मिन्स्क' जातीचा रशियन संगणकही मिळाला. भिलईची भट्टी आणि पवईची प्रयोगशाळा ही दोन एका काळची, एका मदतीतून उभी राहिलेली भावंडे. आपल्या कथेत पवईचे नाव पुन्हा येणार आहे.

परंतु ज्या देशाने भिलईचा कारखाना उभारून दिला, त्याला स्वतःच्या घरी एक गोष्ट साधली नाही. कीव्ह येथील गणिती व्हिक्टर ग्लुश्कोव्ह यांनी १९६२ च्या सुमारास एक भव्य कल्पना मांडली. साऱ्या सोव्हिएत संघातील कारखाने, कचेऱ्या आणि नियोजन-मंडळे संगणकांच्या एका राष्ट्रव्यापी जाळ्याने जोडावीत, अशी ती कल्पना होती. गणित होते, यंत्रे करणारे होते, आणि केंद्रीय सत्ता तर होतीच. पण १९७० साली पॉलिटब्यूरोपुढे हा विषय आला तेव्हा खात्याखात्यांतील चढाओढीत तो अडकला, आणि ते जाळे कल्पिल्याप्रमाणे कधीच विणले गेले नाही. झोतभट्टी हुकुमाने उभी राहते. संगणकांचे जाळे उभे राहण्यास ज्यांना जोडावयाचे त्यांचे आपसांत एकमत व्हावे लागते. हा भेद पुढील सर्व इतिहासाचे मर्म आहे.

आता जाळे म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. दोन माणसांनी दूरवरून बोलावयाचे तर दोन रीती आहेत. एक दूरध्वनीची. बोलणे सुरू होण्याआधी दोघांमध्ये एक वाट राखून ठेवली जाते. बोलणे असो वा मौन असो, ती वाट त्यांचीच. दुसरी रीत डाकेची. मजकूर पाकिटात घालावा, वर पत्ता लिहावा आणि पेटीत टाकावा. ते पाकीट कोणत्या गाडीने, कोणत्या वाटेने जाईल याची चिंता आपण करीत नाही. एक गाडी चुकली तर दुसरी असते.

साठच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन यांनी आणि इंग्लंडात डॉनल्ड डेव्हिस यांनी परस्परांशी काही संबंध नसताना हा दुसरा मार्ग संगणकांसाठी सुचविला. संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा, आणि ते जाळ्यातून मिळेल त्या वाटेने जाऊ द्यावेत. या तुकड्याला डेव्हिस यांनी 'पॅकेट' हे नाव दिले. मराठीत आपण ज्याला पाकीट म्हणतो तोच हा शब्द. त्यामुळे निदान या एका संज्ञेचा अर्थ मराठी विद्यार्थ्याला वेगळा शिकवावा लागत नाही. वाटेत पाकीट हरवले तर पुन्हा पाठवावे, ही तजवीजही आलीच. पेशवाईत जासूद जोडीने धाडीत. एकाचे काही बरेवाईट झाले तरी दुसऱ्याने खलिता पोचवावा, हा त्यातील हेतू उघड आहे. वाट भरवशाची नसेल तर पाठविणाऱ्याने सावध असावे, हे शहाणपण संगणकाहून पुष्कळ जुने आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने 'अर्पानेट' हे जाळे सुरू झाले आणि २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन-संस्थेकडे पहिला संदेश निघाला. 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता. एल आणि ओ ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले! ही हकीगत सर्वत्र सांगितली जाते. पण त्याआधी सहा महिने घडलेली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

यंत्रे जोडावयाची ठरली होती, पण त्यांनी एकमेकांशी कोणत्या संकेतांनी बोलावे हे ठरले नव्हते. ते ठरविण्याचे काम विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडले. आपल्याला हा अधिकार कोणी दिला, याची त्या मुलांना स्वतःलाच शंका होती. म्हणून ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने आपले पहिले टिपण लिहिले तेव्हा त्याला नियम म्हटले नाही, आज्ञापत्रही म्हटले नाही. त्याने त्याला 'अभिप्राय मागविण्यासाठी' असे नम्र नाव दिले. ज्याला काही सुचेल त्याने लिहावे, दुसऱ्याने खोडावे, आणि जे चालवून पाहिले असता चालेल ते ठेवावे, अशी ती पद्धत पडली. त्या मालेतील टिपणांची संख्या आज नऊ हजारांच्या वर गेली आहे. नाव तेच राहिले आहे, आणि भिलईच्या विद्यार्थ्यालाही ती टिपणे विनामूल्य वाचता येतात. इंटरनेटचा सारा कारभार ज्या संकेतांवर चालतो, ते बहुतांशी या मालेतून आले आहेत.

या परंपरेतूनच व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली निरनिराळी जाळी एकमेकांस जोडण्याची रीत मांडली. तिचेच परिणत रूप 'टीसीपी-आयपी' या जोडनावाने प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटवरील सर्व यंत्रांनी ती स्वीकारली. या रीतीत थर आहेत, पण ते मोजके. त्यांची संख्या आधी ठरवून कोणी काम केले नव्हते.

मग सात थर आले कोठून? ते दुसऱ्या परंपरेतून आले. आणि ती परंपरा मूर्खांची होती असे कोणी समजू नये. सत्तरच्या दशकात संगणकांचा बाजार मोठ्या कंपन्यांच्या हाती होता. आय. बी. एम. चे यंत्र आय. बी. एम. च्याच यंत्राशी सुखाने बोले. दुसऱ्याचे यंत्र आणले की भाषा तुटे. ग्राहक एकदा एका कंपनीच्या दारात गेला की आयुष्यभर तिचाच. ही कोंडी फोडावी, कोणत्याही देशाचे, कोणत्याही कंपनीचे यंत्र कोणाशीही बोलू शकावे, या उद्देशाने आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७७ साली एक समिती नेमली. अमेरिकेचे चार्ल्स बाखमन तिचे अध्यक्ष होते. संवादाचे काम सात थरांत वाटावे. प्रत्येक थराने खालच्या थराकडून सेवा घ्यावी आणि वरच्याला द्यावी. एका थराच्या आत काय चालते याची दुसऱ्याला पंचाईत नसावी, असा आराखडा समितीने सिद्ध केला. १९८४ साली तो मानक म्हणून प्रसिद्ध झाला. 'खुल्या यंत्रणांचे परस्परसंधान' हे त्याचे ध्येय. 'ओएसआय' हे त्याचे लघुनाम विद्यार्थ्यांच्या तोंडी आजही आहे.

आराखडा सुबक होता. अनेक राष्ट्रांची त्याला संमती होती आणि निरनिराळ्या देशांतील टपाल-तार खात्यांचे वजनही त्याच्या बाजूस होते. खुद्द अमेरिकेच्या सरकारने १९९० साली आपल्या खात्यांना हेच मानक पाळण्याची सक्ती केली. उणीव एकच होती. मानक कागदावर तयार होत असताना प्रतिपक्षाची यंत्रे प्रत्यक्ष बोलत होती. समितीत प्रत्येकाचे समाधान करावे लागे, म्हणून पर्याय वाढत गेले. पर्याय वाढले तशी यंत्रे बनविणे अवघड झाले, आणि तोवर विद्यापीठांतून टीसीपी-आयपी जवळजवळ फुकट मिळू लागले होते. शेवटी १९९५ साली अमेरिकी सरकारने आपली सक्ती मागे घेतली. वाद कोणी निकालात काढला नाही. तो वापराने निकालात निघाला.

या वादात भारत कोठे होता? १९७८ साली आय. बी. एम. ने भारतातील आपला व्यवहार आवरला. देशात अमेरिकी, इंग्रजी, रशियन अशी नाना जातींची यंत्रे होती आणि परकीय चलनाची चणचण होती. अशा देशाला 'कोणाचेही यंत्र कोणाशीही बोलेल' हे आश्वासन विशेष गोड वाटावे, यात आश्चर्य नाही. शिवाय तारांचा आणि दूरध्वनीचा कारभार १८८५ च्या कायद्यान्वये सर्वस्वी सरकारच्या हाती होता. एका गावाहून दुसऱ्या गावी संगणकांसाठी तार न्यावयाची तर दूरसंचार खात्याकडूनच ती भाड्याने घ्यावी लागे.

अशा स्थितीत १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने, 'अर्नेट' हा उपक्रम सुरू केला. त्याचे नावच शिक्षण आणि संशोधन यांचे जाळे असे आहे. आठ संस्था त्यात होत्या: मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आय. आय. टी., बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि दिल्लीतील तो विभाग स्वतः. यांतील मुंबईचे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघाले होते आणि त्याचे नेतृत्व डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होते. पुढे २०१४ साली इंटरनेटच्या जागतिक मानकऱ्यांत त्यांची गणना झाली.

पहिले पत्र गेले ते मुंबईतल्या मुंबईत. १९८६-८७ च्या सुमारास या केंद्राच्या आणि पवईच्या संगणकांनी साध्या दूरध्वनीच्या तारेवरून एकमेकांना पत्रे धाडली. ठरल्या वेळी एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावावयाचा, साठलेली पत्रे द्यावयाची आणि घ्यावयाची. डाकेची थैली बदलावी तसाच हा प्रकार. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये पहिली भाड्याची कायम तार आली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. देवनागरीचे एक चिन्ह आजच्या संकेतनात २४ बिटांचे असते. त्या हिशेबाने प्रस्तुत भाषणाएवढा मजकूर त्या तारेवरून जाण्यास सुमारे अर्धे-पाऊण मिनिट लागले असते, आणि तोवर दुसऱ्या सर्वांनी थांबावयाचे! १९९२ पर्यंत आठही संस्था याच वेगाने जोडल्या गेल्या. त्याच साली मुंबईच्या केंद्रातून अमेरिकेकडे ६४,००० बिटांची वाट खुली झाली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्नेटची मौज अशी की त्याने दोन्ही परंपरा एकाच वेळी चालविल्या. त्याच तारांवर टीसीपी-आयपीही चाले आणि ओएसआयचे संकेतही चालत. भारतीय अभियंत्यांनी कोणाचाही पक्ष आंधळेपणाने घेतला नाही. दोन्ही चालवून पाहिले, आणि जे लोक वापरू लागले ते राहिले. १९९५ नंतर जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी-आयपीचीच होती. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांना इंटरनेट खुले केले. जगात जो वाद झाला, तो या देशातही झाला. तो मुंबई-दिल्लीच्या तारांवर झाला, आणि त्याचा निर्णय आपल्याच माणसांनी अनुभवाने केला.

हा अनुभव अभ्यासक्रमात मात्र उतरला नाही. ऐंशीच्या दशकात विद्यापीठांनी हा विषय शिकविण्यास घेतला तेव्हा जगातील सारी प्रतिष्ठा सात थरांकडे होती. अँड्र्यू टॅनेनबॉम यांचे 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' हे विख्यात पाठ्यपुस्तक १९८१ साली निघाले, तेही सात थरांच्या क्रमाने रचलेले होते. अभ्यासक्रम तसेच आखले गेले. पुढे टॅनेनबॉम यांनी स्वतःच सात थरांवर सडेतोड टीका केली आणि आपल्या पुस्तकाची मांडणी पाच थरांवर आणली. पुस्तक बदलले, जग बदलले. प्रश्नपत्रिका मात्र बदलली नाही.

भिलई-दुर्गची कथा याच काळातील आहे. भिलई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे महाविद्यालय १९८६ साली दुर्गला निघाले, म्हणजे ज्या वर्षी अर्नेटचा आरंभ झाला त्याच वर्षी. त्या काळी या भागातील अभियांत्रिकी महाविद्यालये रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाशी संलग्न होती. २००५ पासून छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ भिलई येथे कार्य करू लागले, आणि राज्यातील तंत्रशिक्षणाच्या परीक्षा त्याच्याकडे आल्या. २०१६ साली भिलईच्या नावाची आय. आय. टी. स्थापन झाली. तिचे वर्ग आरंभी रायपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात भरत. दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथील तिची कायमची वास्तू २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाली.

अर्नेटच्या आरंभीच्या आठ संस्थांत भिलई नव्हते, आणि रायपूर किंवा नागपूरही नव्हते. दिल्ली-मुंबईच्या अभियंत्यांना दोन्ही संकेत ताडून पाहावयास मिळाले. देशातील इतर शेकडो महाविद्यालयांना मिळाले ते त्या वादाचे सारांशरूप टिपण. जाळे फळ्यावर खडूने काढावयाचे, खडूच्याच रेघेने पाकीट एका टोकाहून दुसऱ्या टोकास न्यावयाचे, आणि मग सात थरांची नावे सांगावयाची, अशा रीतीने हा विषय पुष्कळ ठिकाणी अनेक वर्षे शिकविला गेला. शिक्षकाचा त्यात दोष नाही. ज्याच्या हाती यंत्र नाही त्याने आकृती शिकवावयाची नाही, तर काय शिकवावयाचे? आणि आकृती उत्तम असेल तर ती यंत्राहून अधिक टिकते, हे सात थरांनी सिद्ध केले आहे.

कोणी विचारील, मग काय ही उतरंड फोडून टाकावी? मी तसे म्हणणार नाही. बिघाड 'तिसऱ्या थरात' आहे असे भिलईच्या अभियंत्याने म्हटले, तर पुण्याच्या व सिंगापूरच्या अभियंत्याला त्याचा अर्थ तत्काळ कळतो. एवढी समान परिभाषा दुसऱ्या कोणी दिली नाही. शिवाय कोणतेही गुंतागुंतीचे काम थरांत वाटले म्हणजे ते आवाक्यात येते, हा विचार मोलाचा आहे. आपल्या पत्राचेच पाहा: मजकूर लिहिणारा वेगळा, पाकिटावर शिक्का मारणारा वेगळा, थैली गाडीत टाकणारा वेगळा, आणि शिक्का मारणाऱ्याने आतला मजकूर वाचण्याचे कारण नाही. हे तत्त्व मुलाला सात थरांतून कळले तरी चालेल.

माझी तक्रार निराळी आहे. एका ऐतिहासिक वादातील एका पक्षाचे निवेदन आपण निसर्गनियमासारखे शिकवितो, ही ती तक्रार. गुरुत्वाकर्षणाचा नियम कोणी मते घेऊन ठरविला नाही. सात थर मात्र समितीने ठरविले. ते सहाही होऊ शकले असते. हे मुलाला सांगितले नाही, तर विद्या ही कोठे तरी दूर पूर्ण होऊन आपल्याकडे फक्त पाठ करण्यासाठी येते, असा त्याचा समज होतो. आणि हा समज सात थरांच्या पाठांतराहून अधिक हानिकारक आहे. जे संकेत आज जग चालवितात त्यांतील आरंभीचे संकेत त्याच्याच वयाच्या, त्याच्याइतक्याच गोंधळलेल्या विद्यार्थ्यांनी 'अभिप्राय मागविण्यासाठी' लिहिले होते. ही एक गोष्ट त्याच्या वहीत असती, तर कदाचित त्यानेही आपला अभिप्राय लिहिला असता. भिलईतून दर वर्षी पुष्कळ मुले नोकरीसाठी पुण्यास, हैदराबादेस, बंगलोरास जातात. तेथे ती जाळी चालवितात, दुरुस्त करतात. संकेत पाळणारे आपण उदंड निर्माण केले. संकेत घडविणाऱ्यांची संख्या वाढावयाची असेल, तर ती पहिल्या पानावरील आकृती कशी सांगितली जाते यावर ते काही अंशी अवलंबून आहे.

आणि आता साधनांची सबब उरलेली नाही. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान-जाळ्यास मान्यता दिली. त्याच्या वाहिन्यांत रेलटेल या कंपनीचे प्रकाशतंतूही आहेत. २००० साली निघालेल्या या कंपनीचे तंतू लोहमार्गांच्या कडेकडेने जातात, आणि भारतीय रेल्वेचे रूळ दीर्घकाळ मुख्यतः भिलईच्याच कारखान्यातून आले. पवईच्या आय. आय. टी. तील प्रा. दीपक फाटक यांनी पुढाकार घेऊन देशभरच्या अभियांत्रिकी शिक्षकांसाठी मोठी शिबिरे चालविली. शिक्षक आपापल्या जवळच्या केंद्रात जमत, आणि व्याख्यान मुंबईहून जाळ्यावरून त्यांच्यापर्यंत जाई; शंका त्याच वाटेने परत येत. ज्या पवईने एके काळी दूरध्वनीच्या तारेवरून आपले पहिले पत्र धाडले, तिनेच पुढे शेकडो वर्ग एका वेळी जोडले.

तेव्हा आज भिलईच्या शिक्षकाला एक साधी गोष्ट करता येईल. सात थरांची आकृती काढून झाली की वर्गातील दोन संगणक एका तारेने जोडावेत, आणि तारेतून जाणारी पाकिटे मुलांना एकेक करून उघडून दाखवावीत. ती दाखविणारी साधने फुकट मिळतात. मग मुलांना विचारावे, "यांत किती थर सापडले, मोजा." कोणी चार म्हणेल, कोणी पाच म्हणेल, दोघे भांडतील. त्या भांडणात १९७७ ते १९९५ या अठरा वर्षांचा इतिहास त्यांना आपोआप भेटेल. आणि परीक्षेत सात लिहिले तरी चालेल. पण सात का लिहितो आणि पाच का मोजले, हे त्या मुलाला पुढे कधी विसरता येणार नाही.